दोनच पाहुणे

६ एप्रिल २०२५, अमरावती

माल्टाजवळच्या गोझो बेटावर कुठे उतरायचे यावर आम्हा मायलेकींचे एकमत होईना, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. दुसरे कारण नाही. रोजनिशी लिहिण्याचा शौक मला कधीच नव्हता. पण तोंडी भांडणात आकांक्षा जिंकते, कारण ती मध्येच हसते आणि मला हसता येत नाही. शेवटी ठरले की दोघींनी आपापली बाजू लिहून काढायची आणि मग निकाल लावायचा.

आजच अकोल्याहून आले. जठारपेठेतल्या घराला कुलूप लावले, कुंड्या शेजारी दिल्या, आणि आता जूनपर्यंत मुक्काम लेकीच्या फ्लॅटवर. फ्लॅट साईनगरात, दुसऱ्या मजल्यावर. स्वच्छ आहे. मी येणार म्हणून स्वच्छ केला आहे हे उघड दिसते, पण तरी बरे वाटले. राजापेठेत तिचे फिजिओथेरपीचे क्लिनिक आहे, ते बंद करून ती मला घ्यायला स्टेशनवर आली होती. माझ्या बॅगा पाहून म्हणाली, "आई, तू बेटावर फिराले चालली का तिकडं संसार मांडाले?" हमालसुद्धा हसला.

ललितला, आकांक्षाच्या बाबांना, जाऊन येत्या जूनमध्ये वर्ष होईल. भूमध्य समुद्रातले एखादे बेट दाखवीन असे त्यांनी हिला लहानपणी कबूल केले होते. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने कालव्यापलीकडे पाणी पाहिले नाही, पण नकाशावर बोट ठेवून लेकीला बेटे मात्र सगळी पाठ करून घेतली. म्हणून जूनमधली ही सहल. मी नाही म्हणाले नाही.

माझी बाजू अशी. गावात बसस्टँडजवळ एक हॉटेल आहे. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नाश्त्याला फळे मिळतात. बंदरावरचा फ्लॅट नको, खाली मासळीचे हॉटेल आहे. आणि आकांक्षाला जे हवे आहे ते खाडीवरचे जुने दगडी घर तर मुळीच नको. तिथवर रस्ता नाही. पायऱ्या उतरून जायचे, आणि शेवटची पायरी पाण्यात. माझे गुडघे मला माहीत आहेत.

मी सगळी नोकरी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत केली. पिशवीवरचे चित्र पाहून आम्ही कधी शेरा दिला नाही. दाणे ओल्या कागदावर ठेवायचे आणि उगवतात किती ते बघायचे. फोटोवरून घर निवडणे हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो.

१० एप्रिल

निकाल लागला. म्हणजे तिने परस्पर लावला. दगडी घर आरक्षित करून टाकले, आपली बाजू एक ओळसुद्धा न लिहिता.

मी रागावले. तिने पाय दाबून दिले. गुडघ्यांचे व्यायाम रोज करून घेईन म्हणाली. मग उठता उठता हळूच सांगितले की आणखी एक गोष्ट आहे. ते घर तिघांसाठीच देतात, आणि प्रत्येक पाहुण्याचे नाव भरावे लागते. तिसरे नाव तिने ललितचे भरले.

माणूस नाही आणि नाव भरले. मी तिला बरेच बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, अक्षय्य तृतीयेला आपण बाबांच्या नावाने उत्तमकाकांना जेवायला बसवणारच आहोत, मग बाबांच्या नावाने एक खोली ठेवली तर काय बिघडले.

आमच्याकडे ती रीत आहेच. गेलेल्या माणसाच्या वयाच्या कोणाला तरी आदल्या दिवशी आवतण द्यायचे, त्या दिवशी पाटावर बसवायचे, आणि गेलेलाच घरी जेवतो आहे असे समजून वाढायचे. त्याला पित्तर म्हणतात. पहिल्या वर्षीचा तर चुकवत नाहीत. खालच्या मजल्यावरचे उत्तमराव एसटीतून निवृत्त झालेले, ललितच्याच वयाचे. ते आनंदाने तयार झाले आहेत.

नाव राहू दिले.

१७ एप्रिल

उन्हाने कहर केला आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा नसते. कूलर दिवसभर चालू.

कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरला आहे. खालच्या फरशीवरही तसाच, आणि आकांक्षाच्या खोलीच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला एक पांढरी रेघ उमटली आहे. तिला काळजी वाटली. मी म्हटले, मी तेल्हाऱ्याची मुलगी. खारपाण पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला मिठाचे भय नसते. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, आणि हंड्यांना अशीच पांढरी खपली धरायची. बोअरचे पाणी असणार. सुरी घेऊन सगळे खरवडून काढले.

रेघ सरळ आहे, गवंड्याने पाणसळ लावून मारल्यासारखी. बांधकामाचा दोष.

२३ एप्रिल

गोझोच्या घरमालकिणीने दगडी घराचा नवा फोटो पाठवला. अंगणात दोरी, दोरीवर पांढरा पंचा वाळत घातलेला.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पंच्याच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याची शिवण आहे. पांढरा दोरा संपला होता म्हणून मीच तशी घातली होती, आणि ललित म्हणाले होते की आता कोणी चोरणार नाही. तो पंचा आता कुठे नाही. त्यांच्या खांद्यावर मीच घातला, आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

पंचे सगळीकडे असतात. काळा दोराही सगळीकडे असतो. आकांक्षाला काही बोलले नाही. पण तिने तो फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवला आहे.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

सकाळपासून खपून स्वयंपाक केला. चिंचवणी, वडे, कुरड्या, भजी, आंब्याचा रस. घागर भरली, वर खरबूज ठेवले. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवले. कावळे समोरच्या टाकीवर बसून होते. एकही आला नाही.

उत्तमराव धुतलेले धोतर नेसून आले. पाटावर बसले. आकांक्षाने त्यांना बाबा म्हणून वाढले. त्यांनी पहिला घास घेतला आणि तो तसाच तोंडात धरून राहिले. मग पाणी प्यायले आणि हात आखडता घेतला. मी विचारले, काही कमी आहे का.

ते म्हणाले, "वैनी, राग मानू नका. खारट लागते. समदंच खारट लागते." मग आवाज उतरवून, "ललितभाऊचं आवतण तुमी दुसरीकडं कोठी देलं का? एका पित्तराले एका दिवशी दोन घरं नसतात. आधी जिथलं आवतण, तिथं तो जाते."

मी चिंचवणी चाखली होती. मीठ बेताचेच होते. ते गेल्यावर पुन्हा चाखली. तोंडात धरवली नाही.

भांडी आवरताना आकांक्षाचा फोन वाजला. घरमालकिणीचा निरोप होता. तिने मोठ्याने वाचून मराठीत सांगितला. तुमचे तिसरे पाहुणे लवकर आले आहेत, काही हरकत नाही. त्यांनी समुद्राकडची खोली घेतली आहे. बाकीचे कधी येणार म्हणून विचारतात.

आकांक्षा तिथेच खाली बसली आणि रडू लागली. आनंदाने. वर्षभरात तिला इतके आनंदात मी पाहिले नव्हते.

२ मे

मी स्वतः घरमालकिणीला लिहिले. आमचा तिसरा पाहुणा हयात नाही, तुम्ही कोणा दुसऱ्याच माणसाला घरात घेतले आहे, तो दिसतो कसा ते कळवा. इंग्रजी अजून बरे आहे माझे.

उत्तर आले. माणूस कमी बोलतो. भांडे ओठांना न लावता वरून पाणी पितो. चहाची कपबशी स्वतः विसळून पालथी घालतो. सकाळी पायऱ्यांवर बसून पाण्याची उंची बघतो आणि भिंतीवर खूण करतो.

कपबशी पालथी घालू नका, खाली पाणी साचते, हे मी त्यांना लग्नापासून सांगत आले.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे उभी राहिले. तिला ऐकू जायला नको म्हणून.

४ मे

भिंतीवरची रेघ वर सरकली आहे. आता माझ्या खांद्याला लागते.

कूलरमधले पाणी बाटलीत भरून अकोल्याला पंजाबरावकडे पाठवले होते. पंजाबराव माझ्या हाताखाली माती-पाणी तपासणीत होता, सरळ माणूस. आज त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, हे आपलं खारपाण नाही. आपल्या पाण्यात सोडा राहते, ह्याच्यात निखळ मीठ हाये. हे समुद्राचं हाये. तुमी जाऊन आल्या का तिकडून?"

मी हो म्हटले. दुसरे काय सांगणार.

बोअर म्हणून मी अठरा दिवस खरवडत बसले. दुसऱ्या कोणत्याही गावची बाई पहिल्याच दिवशी घाबरली असती.

६ मे

आकांक्षाने क्लिनिक बंद ठेवले आहे. दुपारी जेवून खोलीत जाते, कूलरपुढे निजते. उठते तेव्हा केस ओले. ओठ फुटलेले, पांढरे. खांदे उन्हाने रापलेले — घराबाहेर न पडता. आज तिची चादर झटकली तर फरशीवर वाळू पडली. जाड, पिवळसर. आपल्या पूर्णा नदीतली नाही.

चहा घेता घेता म्हणाली, आज पाणी गार होते. बाबा काठावर बसून होते, आत ये म्हणत नव्हते, नको पण म्हणत नव्हते.

मी तिला सांगितले की आपण जायचे नाही. मी सहल रद्द करते. ते जे कोणी आहेत ते असू देत.

तिने कप खाली ठेवला. ओरडली नाही. "आई, तुले बाबा नको आहेत का?"

मला ते हवे आहेत. कोणत्या शब्दांत सांगायचे हे मला कधी कळले नाही, आणि आता ते माझ्या तोंडावर विचारले जाते. पण ते गेले आहेत आणि ही आहे. मला जी आहे ती राखायची आहे. एवढेच.

ती जेवली नाही.

८ मे

सहल रद्द होत नाही. घरमालकीण म्हणते की पाहुणा घरात आला की आरक्षण रद्द करता येत नाही, फक्त पाहुणे कमी करता येतात.

विचार केला. पाहुणा ते नावामुळे झाले. नाव काढले की आवतण संपेल. मग आम्ही दोघी जाऊ नाही तर न जाऊ, आमची मर्जी.

आकांक्षा निजली असताना तिचा फोन घेतला. तीनच्या जागी दोन केले. ललितचे नाव पुसले. लग्नात लोक उखाण्यासाठी अडून बसले होते, तेव्हा हे नाव मी न लाजता घेतले होते. आज एकेक अक्षर मागे जात होते आणि मला पडदा दिसेना.

पण केले. करणे भाग होते.

कूलर बंद केला. खोली कोरडी आहे. बरे वाटते आहे.

९ मे

उत्तर आले. तसेच्या तसे उतरवते.

दोनच पाहुणे, हे कळले. परंतु ते जायला तयार नाहीत. खोली त्यांना आवडली आहे. एक ते झाले. तेव्हा तुम्हा दोघींपैकी कोण येणार नाही ते कळवावे. न कळवल्यास ते ठरवतील.

मी — मी दोन केले. माझ्या बोटाने.

लगेच लिहिले. मी येते. मुलगी येणार नाही. रागिणी येणार. नाव नीट लिहिले, वय लिहिले. आजच येते, विमान नको, जसे ते गेले तशी येते. पुन्हा पुन्हा पाठवले.

संध्याकाळी दोन ओळी आल्या. ते म्हणतात, तुम्हाला समुद्र नको होता. तुम्हाला गावातले हॉटेल हवे होते.

हे मी फक्त या वहीत लिहिले आहे. आणि आकांक्षाशी बोलले आहे.

१० मे

तिला घेऊन अकोल्याला आले. चालायला तयार नव्हती. ओढत आणले म्हटले तरी चालेल. बसमध्ये सगळा वेळ खिडकीकडे तोंड, आणि बाहेर नुसती काळी, भेगाळलेली शेते.

जठारपेठेच्या घरात पाणी ठेवायचे नाही असे ठरवले आहे. टाकी रिकामी केली. कूलर उचलून अंगणात टाकला. माठ उलटा केला. प्यायला तांब्याभर ठेवले आहे, ते माझ्या मांडीशी.

तिची आणि माझी ओढणी एकमेकींना गाठ मारून बांधली आहे. ती हसली. लहानपणी जत्रेत मी असेच करायची. "आई, सोड ना. मी हरवून नाही राहिली."

नाही सोडणार.

११ मे

भिंती कोरड्या. हात फिरवून पाहिले, सगळ्या.

ती खाते आहे. दोन घास वरण-भात. माझ्या हातून.

दुपारी तिने माझ्या मांडीवर डोके ठेवले आणि विचारले, बाबांना तू रागावली आहेस का. मी म्हटले, हो. मला न विचारता गेले. ती म्हणाली, त्यांना तिथे करमत नाही आई, कोणी बोलायला नाही.

मग मी पण येईन, दोघी जाऊ, असे म्हटले. खरेच म्हटले. ती म्हणाली की दोनच —

तिने तोंड भिंतीकडे वळवले.

१२ मे

दुपार. पंखा. तिचे मनगट माझ्या हातात आहे. नाडी बरी. ही ओळ डाव्या हाताने —

भिंतीवर रेघ. माझ्या डोक्याच्या वर. आत्ता नव्हती.

घर कोरडे आहे. फरशी कोरडी. मी बघते आहे. मी डोळे मिटलेले नाहीत.

तिचे केस —

आकांक्षा

ललित, नका. ललित, ती माझी एकटीची नाही, कबूल, पण मला दुसरे कोणी — तुम्ही मला न्या. मी पायऱ्या उतरते. गुडघ्यांचे नाव काढणार नाही. कपबशी कशीही ठेवा —

गाठ तशीच आहे. मनगट हातात आहे. गार आहे. तिच्या तोंडातून पाणी

१३ मे, अकोला

डॉक्टर म्हणाले, बुडून. पुन्हा विचारले कुठे सापडली. घरात, पलंगावर, म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावले. तोही म्हणाला, बुडून. समुद्राचे पाणी. समुद्र कुठे आहे इथे.

पंजाबराव आला आहे. बाहेर बाकावर बसून आहे. तिला न्यायला गाडी तोच बघतो आहे.

ताब्यात मिळाले ते लिहून ठेवते. पोलिसाने एकेक वस्तू समोर ठेवली आणि मी सही केली.

सोन्याच्या रिंगा, दोन.

मनगटी घड्याळ. काचेच्या आत पाणी.

पिवळा कुडता, ओला. खिशात वाळू.

माझ्या ओढणीचा तुकडा, गाठीसकट. ओढणी कापावी लागली म्हणाले. गाठ सुटत नव्हती.

लोखंडी किल्ली एक. मोठी, जुनी, गंजलेली, दोरी बांधलेली. तिच्या मुठीत होती. मूठ उघडायला दोघे जण लागले.

किल्ली त्याने माझ्या तळहातावर ठेवली. ओली आहे. पुसली, पुन्हा ओली. त्याने विचारले, ही पण तुमचीच ना, बाई. मी हो म्हटले. आमच्या घराची आहे. त्याने पेन उघडले. कागदावर लिहावे लागते म्हणाला, कोणत्या घराची, इथल्या का अमरावतीच्या.

मी त्याला सांगितले, दोन्ही नाही, तिथे आमची दोन माणसे उतरली आहेत, आणि मला —